पांढरं वर, निळं खाली

मी डावीकडून बरा दिसतो, असं माझं मत आहे. कॉलेजात असल्यापासून हे मत मी एकट्याच्या बळावर टिकवून धरलं आहे. घरच्यांचा त्याला पाठिंबा नाही. बायको म्हणते, "तू दोन्हीकडून सारखाच दिसतोस." हे कौतुक आहे का, असं विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. मात्र ग्रुप फोटोत मी न चुकता बघणाऱ्याच्या उजव्या हाताचं टोक पकडतो आणि किंचित आत वळतो. असं केलं की डावा गाल आपोआप कॅमेऱ्यासमोर येतो आणि आपण घरच्यांकडे प्रेमाने बघत आहोत असाही भास होतो.

त्यामुळे डिसेंबरात सगळ्यांनी नागावला जायचं आणि तिथे समुद्रावर रीतसर फोटोग्राफर बोलावून 'फॅमिली शूट' करायचं, असं पुतणीने जाहीर केलं तेव्हा मी सर्वांत मोठ्याने विरोध केला. "कशाला हे थेर? आपण काय सिनेमातले आहोत?" आणि त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, फोनवर पांढरे लिननचे शर्ट बघत बसलो.

पांढरे अशासाठी, की फर्मान तसं होतं. पांढरं वर, निळं खाली. चेक्स नकोत, फुलं नकोत, छातीवर अक्षरं नकोत. आमच्या घरात या आदेशाने जी खळबळ उडाली ती जमिनीच्या वाटणीच्या वेळीही उडाली नव्हती. अण्णाने निळा लेंगा चालेल का, अशी पृच्छा केली. मेव्हण्यांकडे पांढरा टीशर्ट होता, पण त्याच्या पाठीवर एका सिमेंटची जाहिरात होती. "पाठमोरा फोटो कोण काढतंय?" असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी दोन ओढण्या उन्हात धरून कुठली जास्त पांढरी यावर सगळ्यांची मतं मागवली.

आईला फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी पांढरं नेसणार नाही."

"आजी, ऑफ-व्हाइट?" पुतणीने तडजोड सुचवली.

"तुझे आजोबा गेले तेव्हा चार जणींनी सांगून बघितलं. तेव्हा नेसले नाही. आता फोटोवाल्यासाठी नेसू?"

फोनवर कोणी काही बोललं नाही. मग अण्णा खाकरला आणि त्याने जेवणाचं काय ठरलंय ते विचारलं. अर्ध्या तासाने ग्रुपवर सुधारित आदेश आला: आजी सोडून सर्वांना पांढरं. आईने जांभळी इरकल काढली, चांगली रुंद काठांची.

तारीख फोटोग्राफरने दिली. शनिवार, संध्याकाळी पाच. त्याला म्हणे 'गोल्डन अवर' हवा होता. आईने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "शनिवारी अष्टमी आहे रे. सहाला भरती. उभे कुठे राहणार तुम्ही?"

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि तो निघाला की मी थांबत नाही असा अनुभव आहे (इतरांचा). आईचं माहेर रेवदंड्याचं. त्या किनाऱ्यावरच्या पोराला पाढे यायच्या आधी एक हिशेब येतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. भरती झाली की साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. घड्याळ नको, मोबाईल नको, पंचांग असलं की झालं. हे जमतं कारण समुद्राला ओढतो चंद्र, आणि तिथीही चंद्राचीच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. आपण पाऊण तास धरतो. रोज चार-पाच मिनिटं अंगावर राहतात आणि पौर्णिमेपर्यंत त्यांचा तासभर होतो. म्हणून हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, आणि पाणी बाराच्या सुमाराला भरतं. पण त्या दिवशी उधाण असल्यामुळे पाणी एवढं चढतं की वेळ चुकल्याची तक्रार करायला किनाऱ्यावर कोणी उभंच राहत नाही. अष्टमीचा मात्र भांग. त्या दिवशी सूर्य एकीकडून आणि चंद्र काटकोनातून ओढतो, त्यामुळे पाणी चढतंही बेताचं, उतरतंही बेताचं.

आता याचा फोटोशी संबंध असा. पश्चिम किनाऱ्यावर डिसेंबराच्या शेवटी सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. ओल्या वाळूत आभाळाचं आणि माणसांचं प्रतिबिंब पडलेलं असे जे फोटो असतात, ते मिळायला सूर्यास्ताच्या वेळी पुरती ओहोटी हवी. म्हणजे दुपारी बाराला भरती हवी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या हवी! लग्नाला मुहूर्त बघतात तसा लग्नाआधीच्या फोटोंनाही बघायला हवा. भटजींना उत्पन्नाची ही नवीन वाट अजून कोणी दाखवलेली दिसत नाही. आणि अमावास्येला शूट ठेवायचं म्हटल्यावर मुलीकडचे काय म्हणतील, तो एक प्रश्न आहेच.

हे सगळं मी किनाऱ्यावर त्या फोटोग्राफरला ऐकवलं, आईचं नाव न घेता, स्वतःचं म्हणून. अलिबागचा पोरगा होता, कानात बाळी, गळ्यात दोन कॅमेरे. त्याने शांतपणे फोन काढून एक ॲप दाखवलं. भरती सहाला आठ मिनिटं कमी. "काका, तुमची आठ मिनिटं चुकली," म्हणाला.

मग शूट सुरू झालं. नागावच्या किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी निवांत कुटुंबाचा फोटो काढायचा म्हणजे मागच्या सुट्टीतल्या निम्म्या मुंबईला आधी फ्रेमबाहेर काढावं लागतं. डावीकडून चार चाकी वाळूवरच्या गाड्या गुरगुरत येतात, उजवीकडून घोडागाडी. पाण्यात पिवळीधमक बनाना बोट सारखी ये-जा करत असते आणि तिच्यावरची माणसं नेमकी आपल्या भावपूर्ण क्षणी किंचाळत पाण्यात पडतात. मदतनीस म्हणून आलेल्या मुलाच्या हातात चंदेरी रिफ्लेक्टर होता. त्यात वारा भरला की तो मुलगा मुरूडच्या दिशेने चालू पडे.

"नॅचरल हसा," फोटोग्राफर म्हणाला. आम्ही दात दाखवले.

"एकमेकांकडे बघून हसा." अण्णा आणि मी एकमेकांकडे बघून शेवटचे हसलो ते बाबांच्या स्कूटरवरून दोघे एकदम पडलो तेव्हा. आता बघितलं तर तो माझ्या केसांच्या कलपाकडे बघत होता.

"सगळ्यांनी एकदम उडी!" पोरांनी मारली. अण्णाने टाचा उचलल्या. मी उडी मारली, पण डावा गाल कॅमेऱ्याकडे ठेवून मारल्यामुळे उतरताना वहिनींच्या पायावर उतरलो. मेव्हण्यांना मावळता सूर्य ओंजळीत धरायचा होता. मी त्यांना सांगितलं की हात लांब करून नुसती करंगळी धरली तरी सूर्य तिच्याआड दोनदा मावेल, एवढासाच दिसतो तो; ओंजळीचं काय काम? ते म्हणाले, "तुम्ही करंगळीवर घ्या. मी ओंजळीत घेतो."

मुख्य अडचण डोळ्यांची होती. आम्ही अकरा जण. कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेलेच. यावर प्रत्यक्ष संशोधन झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी माणसाच्या डोळ्यांच्या उघडझापीवरून गणित मांडलं आणि 2006 साली त्यांना गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं. वीसच्या आतल्या घोळक्यासाठी नियम सोपा: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळपास खात्री. म्हणजे आम्हाला चार पुरे, फार तर सहा. फोटोग्राफर म्हणाला, "काका, मी चारशे काढतो." त्या गणितात मेव्हणे धरलेले नसावेत.

शेवटी ड्रोन. सगळ्यांनी वाळूत बदामाच्या आकारात उभं राहायचं, वरून फोटो. ही पुतणीची खास इच्छा होती. ती आम्हाला हाताला धरून बदामाच्या कडेवर पेरत गेली आणि टोकाशी एक जागा रिकामी राहिली.

"आजी कुठंय?"

आजी मागे, सुरूच्या झाडांच्या बाजूला, आमच्या चपलांपाशी उभी होती. पाणी वर सरकेल तशा ती चपला जोडीजोडीने मागे नेऊन ठेवत होती. दोन कुत्री जवळच बसून माझ्या नव्या कोल्हापुरीकडे बघत होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"आजी, या ना! असू दे चपला!"

"तुम्ही काढा," ती ओरडली. "मी आहे इथे."

मला एकदम राग आला. तिचा आला, आमचा आला, काही सांगता येत नाही. घरी एक जुना अल्बम आहे. बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता, एका रोलमध्ये बारा फोटो देणारा. बारांतला एकही फुकट जाऊ नये म्हणून ते आम्हाला सुट्टीतही सकाळी सातला उठवून किनाऱ्यावर उभे करत. कारण त्या काळचा नियम, ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर हवं. आणि आपल्याकडे समुद्र मागे आणि ऊन तोंडावर हे फक्त सकाळीच जमतं. त्या सगळ्या फोटोंत आम्ही तीन भावंडं डोळे बारीक करून उभे आहोत. अलिबाग, मुरूड, दिवेआगर. आई एकाही फोटोत नाही. बाबा नाहीत ते समजू शकतो, कॅमेरा त्यांच्या हातात होता. आईच्या हातात पिशव्या होत्या, थर्मास होता, परतीची तिकिटं होती आणि पायाशी पाच जोड्या चपला. अल्बम चाळताना आम्ही आमचे केस आणि आमच्या चड्ड्या बघून हसायचो. फोटोत कोण नाही ते पाहायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी बदाम सोडून तिच्याकडे गेलो. मागून पुतणी "काका, शेप बिघडतोय" म्हणून ओरडत होती.

"आई, तू कधी समुद्रावर आमच्याबरोबर उभी का नाही राहिलीस गं?"

तिने जरा विचार केला. "समुद्र मी जन्मल्यापासून बघितलाय," ती म्हणाली. "चपला नव्या होत्या."

मग ती मला म्हणाली, तू जा, पोरगी चिडलीय. मी गेलो. खरं तर मी तिला हाताला धरून आणायला हवं होतं, किंवा स्वतः चपला राखत उभं राहायला हवं होतं. पण प्रकाश जात होता, ड्रोनची बॅटरी उतरत होती आणि बदामात माझी जागा अशी होती की मान जराशी वर केली तर डावा गाल आला असता.

आठवड्याने फोटो आले. आभाळ आमच्या वेळी होतं त्यापेक्षा बरंच केशरी. वहिनींच्या चेहऱ्यावरची पंधरा वर्षं गेलेली, अण्णाच्या लेंग्याला इस्त्री झालेली. ड्रोनच्या फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचा बदाम, टोकाशी फट, आणि वरच्या कोपऱ्यात एक जांभळा ठिपका. त्याच्यापुढे बारीक काळी रांग, ती चपलांची. फोटोग्राफरने स्वतः फोन केला. "आजींना उचलून बदामात आणतो, काका. चपला पुसून टाकतो, कुत्रीपण. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत."

मी म्हटलं, काही पुसायचं नाही. आई आहे तिथेच राहील, चपलांसकट. आवाज माझा अपेक्षेपेक्षा चढला असावा, कारण तो जरा दबकून "बरं बरं" म्हणाला. नंतर पुतणीने ग्रुपवर दोन दिवस वाद घातला. अण्णाने, कधी नव्हे ते, माझी बाजू घेतली. आई म्हणाली, फोटो काढून झाला ना, आता कसलं भांडण?

तत्त्वाचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर मी त्या पोराला बाजूने, म्हणजे ग्रुपवर नाही, खाजगीत फोन केला. म्हटलं, तुझं सॉफ्टवेअर एवढं हुशार आहे तर आम्ही ओळीने उभे आहोत त्या फोटोत माझं पोट जरा आत घेता येईल का? फार नाही. लिननचा शर्ट वाऱ्याने फुगला होता, एवढंच.

"ते मी आधीच घेतलंय, काका," तो म्हणाला. "आणखी घेतलं तर मागची बनाना बोट दिसायला लागते."