जरा थांब

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला लोक विचारतात, "जेवण जातंय ना?" मला नेमका उलट्या टोकाचा प्रश्न येतो. "किती वेळा जावं लागतं हो?" आमच्या चौल-रेवदंड्याकडे या विषयाची लाज कुणाला नाही. सकाळी वाडीत पाणी लावताना कुंपणापलीकडून "काय, कोठा साफ?" असं विचारणं ही हवापाण्याचीच चौकशी. तरी मी उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. दिवसरात्र मिळून चार ते आठ वेळा म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने छान चाललंय. शेजाऱ्याच्या हिशेबाने ती हगवण.

पण शेजाऱ्याचा प्रश्नच चुकीचा आहे. आकड्याला काय करायचंय? विचारायचं तर असं विचारा, की बोलावणं आल्यावर किती वेळ थांबता येतं?

अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आजार ज्याच्या मागे लागला, त्याला हे सांगावं लागत नाही. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्याला जखमा होतात, रक्त पडतं. ते सगळं सोसता येतं. सोसत नाही ती घाई. कळ आली की मिनिटभराची सवलत नाही, मग तुम्ही मुंजीच्या पंगतीत असा किंवा वडखळच्या कोंडीत अडकलेल्या एसटीत खिडकीपाशी. अलिबाग ते पनवेल रस्त्यावरचं निसर्गसौंदर्य लोक वर्णन करून सांगतात. मला त्या काळात कार्लेखिंड, पोयनाड, पेण या गावांतले फक्त पेट्रोल पंप दिसत, आणि त्यातही कुठल्या पंपाच्या मोरीला आतून कडी आहे, एवढंच.

शेवटी डॉक्टरांनी ते दीडेक मीटर लांबीचं मोठं आतडं काढूनच टाकलं. मग लहान आतड्याचं शेवटचं टोक गळासारखं वळवून, दोन पदर एकमेकांना शिवून त्याची पिशवी केली आणि ती खाली मूळच्या वाटेला जोडली. याला जे-पाउच म्हणतात. दार तेच, दाराचे स्नायूही तेच, आतली कोठी तेवढी नवी. 1978 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात पार्क्स आणि निकोल्स या शल्यविशारदांनी अशी पिशवी पहिल्यांदा मांडली, तेव्हा तिला तीन पदर होते. ती रिकामी करायला बऱ्याच रोग्यांना नळी घालावी लागे. 1980 मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी दोन पदरांची जे-पिशवी पुढे आणली आणि नळीचं लोढणं बहुतेकांच्या गळ्यातून सुटलं. अशा माणसांचे पुतळे चौकात उभे राहत नाहीत. राहिलेच, तर त्यांच्या हातात काय द्यायचं हा प्रश्न नगरपालिकेला सुटणार नाही.

शिवण भरून येईपर्यंत काही महिने पोटावर बाहेरची पिशवी असते. ती निघाली की खरी शाळा सुरू. नव्या कोठीत सुरुवातीला मावतच फारसं नाही. तिला ताणून मोठं व्हायला, शहाणपण यायला वर्षभर लागतं. वारा सोडावा, तर तो नुसताच वारा आहे याची हमी कोण देणार? पाणी शोषणारं मोठं आतडं गेलेलं, त्यामुळे मीठ आणि पाणी सारखं वाहून जातं. अशा वेळी आमच्या घरात जुनीच मंडळी कामाला आली: मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, केळं. शिवाय इसबगोल. पलीकडच्या नानांचा कोठा ज्याने उघडतो, त्याच इसबगोलाने माझा आवरतो. नानांना हे अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतं, माझा डबा बनावट आहे.

जाता येता त्वचा सोलवटते, तिला खोबरेल आणि झिंकचं मलम. हिरव्या मिरचीबद्दल एवढंच सांगतो, की ती तुम्हाला आत जाताना एकदा भेटते आणि मला दोनदा. बिरड्याची मात्र हाय खाल्ली. रायगडात राहायचं आणि वाल जपून खायचे म्हणजे काय? थंडीत वाडीत पोपटी लागते. भांबुर्डीचा पाला घातलेलं मडकं भाजून निघतं, वालाच्या शेंगांचा तो वास सुटतो, आणि मी त्यातला बटाटा सोलत बसतो. परवा बायको म्हणाली, "अहो, चार दाणे घ्या, रात्री उठायचंच आहे." या बाईला वैद्यकाची समज आहे.

मुंबईला तपासणीला जायचं तर मांडव्याहून रो-रो. 2020 साली ही बोट सुरू झाली, तेव्हा तिच्यात मोटारी मावतात याचं लोकांना कोण कौतुक! मला कौतुक आतल्या स्वच्छतागृहाचं. गंमत अशी, की आता तासाभराच्या त्या प्रवासात तिकडे जावं लागतंच असं नाही. कळ येते, मी म्हणतो, जरा थांब. आणि ती थांबते! चहा संपवू देते. आजाराच्या दिवसांत पोट हुकूम सोडत असे. आता अर्ज करतं, आणि अर्ज काही वेळ टेबलावर ठेवण्याचा अधिकार मला परत मिळाला आहे. सरकारी नोकरीत मला तो कधी मिळाला नव्हता.

गेल्या थंडीत म्हणूनच अलिबागच्या पुतण्याबरोबर कुलाबा किल्ल्यात चालत जायचं ठरवलं. इथे भरतीचं गणित पोरांनाही येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीया, म्हणजे सव्वादोनची भरती आणि सव्वाआठच्या सुमाराची ओहोटी. समुद्राचं पंचांग पक्कं; माझ्या कोठीला पंचांग नाही, तेव्हा तिचा बंदोबस्त आदल्या रात्रीच केला. जेवण लवकर, पेजेवर. सकाळी गोळी, कोरडं बिस्कीट, खिशात वाळका रुमाल. पुतण्याच्या घरी साडेसातला चपला घालून तयार.

पुतण्या बाथरूममध्ये. मोबाइल घेऊन.

आठ वाजले. मी दारावर टकटक केली, "अरे, ओहोटी!" आतून आवाज आला, "काका, जरा थांबा ना." सव्वाआठ. साडेआठ. त्याची आई ओरडली, त्याचा बाप ओरडला. मी मात्र पायरीवर बसून तुरीच्या शेंगा निवडणाऱ्या त्याच्या आजीला, आतून-बाहेरून निवांत, गणित समजावत होतो, की अजून तासभर पाणी गुडघ्याच्या खालीच असेल. दीड मीटरचं धडधाकट आतडं असलेला तो तरुण नऊला बाहेर आला आणि मला म्हणाला, "काका, निघण्याआधी तुम्ही जाऊन येता का?"