लूपवाले काका

काकांचा उजवा हात म्हणजे टायगर मॉथ विमान. डावा हात जमीन. आणि त्या हातात चहाचा ग्लास असला तर डोंगर. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे दोन तास समजायला सोपे जातात.

असे काका प्रत्येक फ्लाइंग क्लबात असतात. जुहूला असतात, नागपूरला असतात, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर तर हमखास. हँगरच्या तोंडाशी, पंख्याच्या बरोब्बर खाली त्यांची खुर्ची. क्लबाचे अध्यक्ष बदलतात, विमानं बदलतात, पेट्रोलचा भाव तर विचारूच नका, खुर्ची तिथेच. क्लबाचा अधिकृत इतिहास कुठल्याशा कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली हरवली आहे. खरा इतिहास काकांकडे. तो ऐकायला पोरंही आयतीच मिळतात. कमर्शिअल लायसन्ससाठी दोनशे तास भरायची घाई असलेली ही मुलं धुरकट हवा निवळायची वाट बघत बसलेली असतात, आणि काकांचं हवामानाशी संगनमत असावं अशी शंका येते.

‘‘लूप म्हणजे काय, सांग गं,’’ काका एखादीला विचारतात. ती पुस्तकातली व्याख्या सुरू करते. ‘‘ते राहू दे,’’ म्हणून हात वर जातो. ‘‘आधी नाक खाली घालायचं. वेग घ्यायचा. मग स्टिक पोटाशी. समोर नुसतं आभाळ. माथ्यावर आलं की मान मागे टाकून क्षितिज शोधायचं आणि स्टिक जराशी सैल सोडायची, नाहीतर लूपचं अंडं होतं.’’ हात आता उलटा झालेला असतो आणि काका वाक्याच्या मधोमध गप्प. नवख्याला वाटतं, काकांना काही झालं. काही होत नाही. टायगर मॉथची टाकी वरच्या पंखात. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली इंजिनात उतरतं. विमान उलटं राहिलं तर पेट्रोल कुठून येणार? इंजिन गप्प, म्हणून काकाही गप्प. नीट घेतलेल्या लूपमध्ये एवढी शांतता पाळायचं खरं तर कारण नाही. पण इतक्या बारकाव्यात शिरलं तर काका पुन्हा पहिल्यापासून लूप घेतात.

‘‘आणि लूप गोल झाला हे कळतं कसं?’’ कुणी बोलत नाही. ‘‘खाली येता येता दणका बसतो. तुमच्याच प्रोपेलरने घुसळलेली हवा तिथे तुमची वाट बघत असते. दणका नाही बसला तर समजायचं, चुकलं.’’ इथे हात ग्लासावर आदळतो आणि चहा सांडतो. लूप अचूक.

जुहूच्या क्लबाची स्थापना 1928 सालची. तिथला विमानतळही त्याच सालचा. हे कुठल्याही पुस्तकात सापडतं, म्हणून काकांना त्यात रस नाही. त्यांचा इतिहास सुरू होतो 1913 साली कीव्हमध्ये. प्योत्र नेस्तेरोव्ह नावाच्या रशियन लष्करी वैमानिकाने निउपोर विमानातून जगातला पहिला लूप मारला. खाली उतरल्यावर सत्कार? छे. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून दहा दिवसांची कैद! पुढे त्याला बढती मिळाली, पण तेवढा भाग काका गाळतात. ‘‘खजिनदार तेव्हाही होते,’’ एवढंच म्हणतात आणि ऑफिसच्या दाराकडे बघतात. काकांच्या मते जगाचा इतिहास म्हणजे लूप मारणारे आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार विचारणारे यांच्यातली लढाई आहे. मार्क्सनेही इतकं सुटसुटीत सांगितलेलं नाही.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये आदोल्फ पेगूने विमान उलटं उडवून दाखवलं, लूपही मारला. पेगू हा लुई ब्लेरिओचा वैमानिक. ब्लेरिओचं घर उत्तर फ्रान्समध्ये आर्डेलोच्या किनाऱ्यावर. शेजारी टाटांचं घर. तिथे सुट्टीत छोटा जेआरडी विमानं बघत बसायचा. म्हणजे पेगू, मग ब्लेरिओ, मग जेआरडी, मग जुहू. काका ही वंशावळ किराणा घराण्याची सांगावी तितक्या आदराने सांगतात. तिच्यातला एक दुवा नुसत्या शेजाराचा आहे, हे आपण बोलायचं नाही.

जेआरडींना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेलं पहिलं वैमानिकाचं लायसन्स मिळालं, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. 1930 साली आगाखानांच्या बक्षिसासाठी ते कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले. उलट दिशेने सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता आणि इजिप्तमध्ये स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग दिला. बक्षीस अस्पीने नेलं. हेच अस्पी इंजिनिअर पुढे हवाईदलाचे प्रमुख झाले. हे सांगताना काकांचे डोळे पाणावतात. ‘‘प्लग फुकट दिला रे. पावतीसुद्धा घेतली नाही.’’

15 ऑक्टोबर 1932 च्या उड्डाणाबद्दल मात्र त्यांची थोडी नाराजी आहे. पस मॉथमध्ये टपाल घालून जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. भारतातल्या नागरी विमानवाहतुकीचा इतिहास तिथून मोजतात. ‘‘सगळं सरळ,’’ काका म्हणतात. ‘‘टपाल होतं ना बरोबर.’’ अहमदाबादला विमानासाठी पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं, हे मात्र ते आवडीने सांगतात. 1982 साली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास पुन्हा केला. त्या दिवशी काका जुहूला हजर होते. तसे त्या दिवशी जुहूला हजर असलेले इतके लोक मला भेटलेत की विमान उतरायला जागा कशी मिळाली कोण जाणे.

एखादा पोरगा खोडी काढतो, ‘‘काका, तळपदे राहिले. 1895, चौपाटी.’’ त्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही, हे काकांना ठाऊक आहे. पण त्यांचा आक्षेप निराळाच. ‘‘उडालं असेल, नसेल. वर गेलं, खाली पडलं. लूप कुठंय?’’ सूर्यकिरण पथकाचंही तेच. 1996 पासून हवाईदलाची ही मंडळी पंखाला पंख लावून कसरती करतात, सारा देश माना वर करून बघतो. काकांचा शेरा: ‘‘नऊ जण लागतात त्यांना.’’

खरं सांगायचं तर क्लबाच्या इतिहासात लूप हा फार छोटा भाग. मोठा भाग शिकवण्याचा. इथल्या शिकवणीवर कित्येकजण पुढे एअरलाइन्समध्ये कॅप्टन झाले. उरलेला भाग पावसाचा. जुहूच्या मैदानात पावसाळ्यात असं पाणी साचायचं की टाटांची टपालसेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलायची. आता शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ, त्यामुळे जुहूच्या आभाळात आपल्या मनाने कुणाला शिंकताही येत नाही. क्लबाचं शिकाऊ उड्डाण धुळ्याला चालतं. साध्या सेस्नात लूप मारायला तिच्या पुस्तकातच मनाई. यातलं काही सांगण्याजोगं आहे असं काकांना वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. सांडपाण्याचा इतिहास ऐकायला कोण बसणार?

राहता राहिला काकांचा स्वतःचा इतिहास. त्यांचे सगळे तास पुष्पकवर झाले. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं हे विमान 1958 साली पहिल्यांदा उडालं: पंख वर, नव्वद अश्वशक्ती, दोघांनी शेजारी बसून गप्पा मारत जायचं. लूपसाठी ते बनवलेलंच नाही. टायगर मॉथमध्ये काका एकदाच बसले, तेही पुढच्या सीटवर. लूप मारला मागच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरने. त्या वेळी काकांचे डोळे उघडे होते की मिटलेले, यावर क्लबात दोन पक्ष आहेत. खजिनदार, ज्यांना काका आयुष्यभर शिव्या घालत आले, ते ‘उघडे’ या पक्षाचे. काकांची थकलेली वर्गणीही तेच गुपचूप भरतात, असं ऐकतो.

तेव्हा क्लबात गेलात तर काकांजवळ पुष्पकचा विषय काढू नका. टायगर मॉथबद्दल विचारा. आणि त्यांनी हात वर नेला की आपला ग्लास उचलून घ्या.