मँगो, सोप, अंकल, पोलीस

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. ज्याच्याविरुद्ध करावी असा कुणी सापडतच नाही, एवढंच म्हणणं आहे.

फोनमधली फुकटची जागा भरली तेव्हा मी जुने फोटो पुसायला बसलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, सगळं एकाच कंपनीच्या हातात कशाला देता? डीसेंट्रलाइज्ड घ्या. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट होते, तिचे तुकडे होतात, आणि ते जगभरच्या अनोळखी माणसांच्या हार्ड डिस्कवर जाऊन बसतात." आम्ही गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवायची की नाही यावर दोन दिवस चर्चा करतो. पण भाचा आयटीत आहे, आणि आयटीतल्या भाच्यापुढे मामाचं चालत नाही.

पैसे डॉलरमध्ये भरायचे होते. त्यासाठी कार्डाचा परदेशी व्यवहार चालू करायचा, त्यासाठी बँकेचं अ‍ॅप अपडेट करायचं, आणि त्यासाठी फोनमध्ये जागा करायची. म्हणजे पुन्हा फोटो पुसायचे. पुसले.

मग सेवा देणाऱ्या कंपनीवाल्यांनी मला बादली बनवायला सांगितली. फाइली जिथे ठेवायच्या त्या कप्प्याला या धंद्यात बकेट म्हणतात. मी नाव दिलं 'घरची कागदपत्रं'. चालणार नाही म्हणाले. रोमन लिपीतली लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, बस्स. मोकळी जागासुद्धा नको. ज्या जाळ्यावर कोणा एकाची सत्ता नाही असं मला सांगितलं होतं, त्याने पहिल्या पाच मिनिटांत माझी मातृभाषा परत पाठवली.

तुकड्यांचं गणित मात्र सुंदर आहे, ते नाकारत नाही. स्टोर्ज नावाच्या जाळ्याने जाहीर केलेल्या हिशेबात फाइलच्या एका भागाचे ८० तुकडे होतात आणि त्यातले कोणतेही २९ मिळाले की तो भाग पुन्हा उभा राहतो. सिया नावाच्या दुसऱ्या जाळ्यात तुकडे ३० आणि पुरतात १०. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेलं हे गणित. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजायचं ते याच्याच जोरावर. आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर याला कोरम म्हणतात. फरक इतकाच की आमच्याकडे कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग चार टाळकी जमवूनही उरकता येते. इथे अठ्ठावीस तुकडे जमले तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस निरुपयोगी.

या उदारपणाची किंमत अशी, की एक जीबी ठेवायला वायरीतून जवळपास तीन जीबी जातात. लग्नाचा अल्बम स्कॅन करून चढवायला घेतला तो रविवारी सकाळी. प्रत्यक्ष लग्न त्याहून लवकर उरकलं होतं.

पुढे सातबारा ठेवला. एईएस-२५६ या पद्धतीने कुलूपबंद करून, ठिकऱ्या करून, अनेक देशांत विखरून. सरकार हाच सातबारा महाभूलेखावर कुणालाही दाखवतं, हे मला नंतर सुचलं.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं उघडायची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते २०४८ शब्दांच्या एका ठरीव यादीतून येतात. या यादीच्या जपानी, कोरियन, चेक आवृत्त्या आहेत. मराठी नाही, पण एवढ्यात मी त्या अपेक्षेपलीकडे गेलो होतो. कंपनीकडे या शब्दांची नोंद नसते. विसरलात तर त्यांना काही माहीत नाही. 'आम्हाला काही माहीत नाही' हे उत्तर आजवर मी अनेक खिडक्यांवर फुकट ऐकलं आहे. त्याचे दरमहा पैसे मोजण्याची ही पहिलीच वेळ.

शब्द संगणकावर ठेवू नका, कागदावर लिहा, असं भाच्याने बजावलं. जगातलं अत्यंत आधुनिक कुलूप, आणि त्याची किल्ली पाठकोऱ्या कागदावर. मी लिहिली आणि स्वयंपाकघरात डब्याखाली ठेवली, कारण तिथे चोर बघत नाही. माझे खरे शब्द अर्थातच सांगणार नाही, पण त्याच यादीतले, त्याच जातीचे सांगतो, आणि पुढेही खऱ्यांऐवजी हेच वापरतो: मँगो, सोप, अंकल, राईस, ब्रूम, गार्लिक, पोलीस.

चोराने बघितलं नाही. बायकोने बघितलं. तिला ती वाण्याची यादी वाटली, आणि माझ्या अक्षराची दया येऊन तिने ती नीट उतरवून काढली. खायच्या वस्तू एकीकडे, साफसफाईच्या एकीकडे. मूळ कागदावर तेलाचा डाग पडला होता म्हणून टाकून दिला. दुकानातून आल्यावर तिने एवढंच विचारलं, "अहो, ते अंकल आणि पोलीस काय आणायचे होते?"

बाराही शब्द आता घरात आहेत, सुवाच्य अक्षरात. क्रम गेला. बारा शब्द ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० प्रकारे मांडता येतात. मिनिटाला एक याप्रमाणे, न झोपता, ९११ वर्षं. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली. तिलाही अजून इतकी वर्षं झालेली नाहीत. त्यात क्रम चुकला तर 'चुकला' असंही सांगत नाहीत. बादली उघडते, आणि ती रिकामी असते. इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललेलं नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे सिस्टम बरोबर चालतेय, मामा." मग कुणावरही विश्वास ठेवायचा नाही हे तत्त्व त्याने पुन्हा समजावलं. त्या हिशेबात बाराही शब्दांसाठी भरवशाचा माणूस म्हणून शेवटी मलाच कोणी आणि का निवडलं, हे मी विचारलं. त्याची मीटिंग सुरू झाली.

बायकोला वाईट वाटलं. बराच वेळ आठवून ती म्हणाली, "पोलीस अगदी शेवटी होता, नक्की." ही मदत मी हलकी लेखत नाही. त्या एका वाक्याने काम ९११ वर्षांवरून ७६ वर्षांवर आलं. रोज जेवणानंतर वीस मिनिटं बसतो.

बिल मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बिनचूक येतं. ते उघडायला शब्द लागत नाहीत.