टेकडी, उपाशीपोटी

आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, "टेकडी. आठवड्याला १२० मिनिटं. उपाशीपोटी." खाली सही आणि शिक्का. मी सवयीनं तो कागद केमिस्टकडे नेला. त्यानं वाचला, मागच्या फळीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ही पुढच्या गल्लीतून वर जाते."

डॉक्टरांचे वडीलही कोथरूडमधलेच डॉक्टर. लाल औषधाची बाटली, तिच्यावर डोसासाठी कातरून चिकटवलेली कागदाची पट्टी आणि वर फुकटचा सल्ला, "मोकळ्या हवेत फिरत जा." फुकटचा असल्यामुळे तो कुणी ऐकला नाही. एरवी हवापालट हे जुनंच औषध. क्षयावर गोळी नव्हती तेव्हा पाचगणीला हवाच तर खायला पाठवत. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि हवेला कुणी विचारेना. आता चिरंजीवांनी ती परत आणली आहे, आकडे लावून.

कारण त्यांना निसर्गापेक्षा छापून आलेला निसर्ग जास्त पटतो. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. जालीम वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. हे सांगताना डॉक्टरांचा चेहरा खुलतो. त्यांच्या केबिनची खिडकी मात्र एसीपायी कायमची बंद. काचेला एक फांदी टेकलेली असते. "कसलं झाड हो?" मी एकदा विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं. "हिरवं आहे," म्हणाले.

१२० मिनिटंही त्यांच्या मनची नाहीत. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीतून तो आकडा आला. एकदम घ्या नाहीतर तुकड्यांत, गुण सारखाच.

"आणि ११९ झाली तर?"

"पुढच्या आठवड्यात भरून काढा." चेहऱ्यावर हसू नाही.

आमच्या शेजारच्या काकूंना हे मुळीच पसंत नाही. "दोनशे रुपये घेतले आणि टेकडी दाखवली! सुई नाही, गोळी नाही." त्यांची समजूत घालायला डॉक्टरांनी शेटलंडचा दाखला दिला. स्कॉटलंडच्या त्या बेटांवर २०१८पासून सरकारी डॉक्टर समुद्रकिनारा लिहून देतात म्हणे. काकूंनी शांतपणे विचारलं, "तिथं फी घेतात का हो?"

तिथं घेत नाहीत. डॉक्टरांनी काकूंना व्हिटॅमिन डी लिहून दिलं.

स्वतः डॉक्टर टेकडीवर का येत नाहीत, हे मला परवाच्या रविवारी कळलं. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या सावलीत एका दगडावर ते बसलेले दिसले. नवेकोरे बूट, हातात पाण्याची बाटली. मी जवळ पोचेपर्यंत त्यांच्यापुढे चौघांची रांग लागली होती. एकानं जीभ काढली. दुसरा साखर सांगत होता, आधीची आणि नंतरची. पलीकडे मोर ओरडला, डॉक्टर म्हणाले, "खोकला कधीपासून?"

तेवढ्यात काकूंच्या यजमानांनी पिशवीतून गुडघ्याचा एक्स-रे काढला. पिशवी बरोबर आणली होती म्हणजे बेत आधीच ठरलेला असणार. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी उगवत्या सूर्यासमोर धरला, थोडा तिरका केला, पुन्हा सरळ केला. बराच वेळ बघत राहिले.

"वा!" ते म्हणाले. "उजेड काय छान आहे हो इथं!"