हापूसची वेबसाइट चोराच्या हवाली कशी करावी?

रत्नागिरीच्या बागायतदाराला फवारणी, माकडं आणि अवकाळी पाऊस यांच्या जोडीला आता वेबसाइटही सांभाळायची असते. पहिल्या तिघांपुढे कोणाचं काही चालत नाही. वेबसाइटची वाट मात्र थोड्या सरावाने घरबसल्या लावता येते. नवशिक्यांनी क्रमाने चालावं.

1. पेटीचा भाव बदलायला एडिटर उघडलात की सर्व्हरशी जोडणी 'एफटीपी'नेच करा, पोर्ट 21. यात युजरनेम, पासवर्ड आणि फाइल, तिन्ही उघड्या अक्षरांत जातात. वायरशार्क नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने वाटेतल्या कोणालाही ती वाचता येतात. चोरालाही खर्च पडू नये, एवढी माणुसकी हवीच.

2. हे काम घरी करू नका. लॉजचं बिनपासवर्डचं वाय-फाय उत्तम. रत्नागिरीत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजावर नजर ठेवायला इंग्रजांना खास अधिकारी नेमावा लागला होता. तुमच्यासाठी शेजारच्या खोलीतला एक लॅपटॉप पुरतो.

3. कोणी टोकलं तर ठणकावून सांगा, "आमच्या साइटला कुलपाचं चिन्ह आहे!" ते कुलूप गिऱ्हाईक आणि साइट यांच्यामधलं. तुम्ही मागच्या दाराने फाइल चढवता, तिथे त्याचा काही संबंध नाही. पण हे बोलायचं नाही.

4. तरीही वाद वाढला तर इतिहास काढा. एफटीपी आपल्याच माणसाने लिहिलं: आयआयटी कानपूरच्या अभय भूषण यांनी, एप्रिल 1971 मध्ये, एमआयटीत असताना. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. चोर यायचे होते. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी सगळं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीच्या जागी वापरायचं एसएफटीपी त्याच्यावरच चालतं. फिनलंडची माणसं भित्री, दुसरं काय!

5. आता फळाची वाट बघा. चोर बागेत येत नाही. तो तुमच्या पानावरचा क्यूआर कोड तेवढा बदलतो. पैसे त्याला, फोन तुम्हाला. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, परजिल्ह्यातला आंबा आपल्या नावावर खपू नये म्हणून. इथे तर आंबाच नाही, नुसतं तुमचं नाव खपतं. आणि बोंब मारायला पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं आहेतच.

6. एक धोका सांभाळा. एडिटरच्या त्याच यादीत 'एसएफटीपी' असतं, पोर्ट 22. तिकडे बोट जाऊ देऊ नका, मिनिटाभरात सगळी मेहनत पाण्यात जाईल. गेलंच, तर पहिल्या जोडणीला सर्व्हरची 'फिंगरप्रिंट' दिसेल. ती होस्टिंगवाल्याने दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून बघू नका. 'येस' दाबून मोकळे व्हा.

क्रोम आणि फायरफॉक्स यांनी 2021 मध्येच एफटीपी काढून टाकलं. तुम्ही डगमगू नका.

एवढं वाचूनही धीर सुटला असेल, तर आधी एसएफटीपी लावा आणि मग पासवर्ड बदला. जुना पासवर्ड उघड्यावरून जाऊन आलेला आहे.