शत्रूच्या गावातले बकाय काका

ॲन आर्बरमध्ये लाल टोपी घालून दुकानात शिरणाऱ्या माणसाकडे लोक दोनदा बघतात. एकदा टोपीकडे आणि मग, ‘याला कुणी सांगितलं नाही का?’ अशा काळजीने त्याच्या तोंडाकडे. टोपीवर ओहायो स्टेट विद्यापीठाचा ‘ओ’ असतो. तिच्याखाली एखादा टोलेडोहून कामाला आलेला गोरा प्लंबर असावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आमच्या गावात मात्र तिच्याखाली मूळचे कराडचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर आणि पोटासाठी मोटारींच्या ब्रेकमध्ये असलेले एक गृहस्थ निघतात. ओहायो स्टेटच्या लोकांना ‘बकाय’ म्हणतात, म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळातली पोरं त्यांना ‘बकाय काका’ म्हणतात. मोठी माणसंही आता तेच म्हणतात.

ही जात विद्यापीठाच्या दर गावात एखाददुसरी सापडतेच. अलाबामावाल्यांच्या टस्कलूसात एखादा ऑबर्नवाला असतो, नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमध्ये एखादा ड्यूकवाला असतो. नोकरी इथे, घराचे हप्ते इथे, दाताचा डॉक्टर इथला, आणि जीव पलीकडच्या गावातल्या विशीतल्या पोरांच्या गुडघ्यांत अडकलेला. पण ॲन आर्बरमध्ये राहून ओहायो स्टेटचं असणं हे या जातीतलं सोवळं घराणं. इथली लोकवस्ती २०२०च्या जनगणनेत १,२३,८५१ भरली आणि मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. सामन्याच्या शनिवारी मैदानाजवळच्या लोकांची अंगणं गाड्या लावायला भाड्याने जातात, नवरा-नवरी लग्नाची तारीख धरताना आधी संघाचं वेळापत्रक बघतात, आणि ‘नमस्कार’ या अर्थी ‘गो ब्लू’ म्हणतात. त्यावर बकाय काका ‘मॉर्निंग’ म्हणतात. दुपारी चार वाजतासुद्धा.

त्यांना हे वेड कोलंबसला लागलं. २००२च्या ऑगस्टमध्ये ते ओहायो स्टेटला एम.एस. करायला आले. त्याआधी पुण्यात इंजिनियरिंग, आणि इंजिनियरिंगपेक्षा जास्त पुरुषोत्तम करंडक. रंगमंचावर ते कधीच दिसले नाहीत. नेपथ्याच्या फळ्या उचलायच्या आणि मग भरत नाट्य मंदिरात मागे उभं राहून ‘अरे आवाज कुणाचा’ करत घसा फोडायचा, एवढीच त्यांची कला. कोलंबसला पहिल्या महिन्यात त्यांच्याशी भाताच्या कुकरखेरीज कुणी आपणहून बोललं नव्हतं. अशात रूममेटने त्यांना एका शनिवारी मैदानावर नेलं. तिथे कुणीतरी अनोळखी माणूस ‘ओ-एच!’ असं ओरडला आणि लाखभर माणसं ‘आय-ओ!’ म्हणून उलट ओरडली. काकांचा गळा तयारच होता, फक्त कॉलेज बदललं.

त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. मिशिगनला १४-९ने हरवलं आणि जानेवारीत तीस वर्षांहून अधिक काळाने राष्ट्रीय अजिंक्यपद आलं. हे आपल्या पायगुणाने झालं यावर काकांची श्रद्धा आहे. प्रशिक्षक, खेळाडू, सराव वगैरे गोष्टींचा वाटा ते नाकारत नाहीत, पण हे सगळं आधीच्या वर्षीही होतं, असं शांतपणे म्हणतात.

मग २०१२ साली नोकरीने त्यांना ॲन आर्बरला आणलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात की कराडहून अमेरिकेला निघताना यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, पण कोलंबसहून मिशिगनला निघताना भरून आलं. अंतर तीन तासांचं.

ओहायो स्टेटचे जुने प्रशिक्षक वुडी हेज मिशिगनचं नावही घेत नसत. ‘ते वरचं राज्य’ म्हणत. त्यांची अशी आख्यायिका आहे की मिशिगनमध्ये गाडीतलं पेट्रोल संपत आलं, तरी ते तिथे भरू देईनात. गरज पडली तर हद्दीपर्यंत गाडी ढकलीन, पण या राज्याला एक पैसा देणार नाही, असा बाणा. खरं-खोटं वुडी जाणे. काकांनी मात्र ते व्रत घेतलं. अडचण एवढीच की वुडी मिशिगनमधून परत जायचे आणि काका मिशिगनमध्ये राहायला आले होते. म्हणून ते महिन्यातून एकदा ऐंशी किलोमीटर गाडी हाकत ओहायोतल्या टोलेडोला जातात, टाकी काठोकाठ भरतात आणि ऐंशी किलोमीटर परत येतात. एरवी ऑफिसला सायकल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा, आणि मसालाही टोलेडोहूनच आणलेला असतो, कारण घरी सांगायला काहीतरी कारण लागतं.

टोलेडोचा विषय निघाला की मात्र त्यांच्याजवळ बसू नये. १८३५ साली ओहायो आणि मिशिगन टोलेडोच्या पट्ट्यासाठी चक्क युद्धाला उभे राहिले होते. दोन्हीकडून सैन्य जमलं, दलदलीत हिंडलं, हवेत गोळ्या झाडल्या आणि रक्त सांडलं ते एकाच माणसाचं. मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला ओहायोच्या बाजूच्या माणसाने पेनचाकू खुपसला. तोही वाचला. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला समजूत म्हणून उत्तरेचा जंगली भाग दिला. तिथे पुढे तांब्या-लोखंडाच्या खाणी निघाल्या ही गोष्ट काका गाळतात. पानिपत सांगताना आपले लोक डोळे मिटतात, तसे ते पेनचाकूपाशी मिटतात.

आता शेजार. काकांच्या डाव्या हाताला एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांचे वडील मिशिगनचे, ते मिशिगनचे, कुत्राही निळ्या पट्ट्याचा. काका आले त्याच वर्षीपासून मिशिगनविरुद्धचा दर वर्षीचा सामना ओहायो स्टेट जिंकत सुटलं. २०१२ ते २०१९, ओळीने आठ सामने. पायगुण सासरीही चालतो म्हणायचा. या आठ वर्षांत काका फार थोर मनाचे होते. डिसेंबरात वहिनींकडून बकाय करून घेत. बकाय म्हणजे ओहायोचं ते तपकिरी, डोळ्यासारखा फिका ठिपका असलेलं झाडाचं बी, आणि त्याच्यासारखी दिसणारी मिठाई: पीनट बटरचा गोळा चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वर थोडं टक्कल उघडं ठेवायचं. वहिनी त्यात दाण्याचं कूट घालतात, त्यामुळे तो लाडूच लागतो. डबा घेऊन काका मास्तरांकडे जायचे. मास्तर एक उचलून उजेडात धरायचे आणि दर वर्षी तेच विचारायचे, “खरं बकाय विषारी असतं ना?” आणि खायचे. चार-पाच खायचे.

२०२० साली करोनामुळे सामना रद्द झाला. “पळाले,” काका म्हणाले. २०२१ साली मिशिगन ४२-२७ने जिंकलं, ॲन आर्बरच्या मैदानावर, भुरभुरत्या बर्फात. दुसऱ्या दिवशी रविवारी काकांनी उशिरापर्यंत पडदे उघडले नाहीत. शेवटी बाहेर बघतात तर मास्तर आपलं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन काकांच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ करत होते. बर्फ बेताचंच होतं, यंत्र काढण्याजोगं मुळीच नव्हतं. एक अक्षर न बोलता त्यांनी कडा नीट कापल्या, पायरीवर मीठ टाकलं, हात हलवला आणि गेले. काका म्हणतात, माणसाने शिवी द्यावी, खिडकीवर अंडं मारावं, पण असं करू नये. त्यांना जाऊन आभार मानावे लागले.

त्यानंतरची वर्षं सांगवत नाहीत. २०२२ला कोलंबसमध्ये हार, २०२३ला ॲन आर्बरमध्ये हार, आणि वर मिशिगन राष्ट्रीय विजेतं. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात मिशिगनच्या प्रशिक्षकाला शेवटच्या तीन साखळी सामन्यांना मैदानात यायची बंदी होती, तरीही जिंकले. काका खुणांच्या प्रकरणाची कात्रणं फाइल करून ठेवतात. २०२४ साली तर ओहायो स्टेट घरच्या मैदानावर १३-१०ने हरलं आणि पुढे जाऊन राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं. मास्तर अभिनंदनाला आले. म्हणाले, “देशात पहिले आलात. आमच्याखालोखाल.” काकांना तो चषक अजून गोड लागलेला नाही.

सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरचं प्रत्येक इंग्रजी ‘एम’ लाल पट्टीने खोडतात. काका ही प्रथा घरी पाळतात. वहिनींच्या फडताळात डबे आहेत, त्यांवर मुलीने लहानपणी इंग्रजीत नावं लिहिलेली. मेथी, मोहरी, मिरे, मीठ, मिरची, मूग, मसूर, मटकी. स्वयंपाकघर हे या बाबतीत फारच मिशिगनधार्जिणं आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या डब्यांवर फुल्या, आणि वहिनी सात दिवस नुसत्या वासावर फोडणी करतात. एकदा त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या पत्रावरचे दोन्ही ‘एम’ खोडलेले दाखवले आणि विचारलं, “अहो, आता आपण कुठले?”

मंडळाच्या गणपतीतही हे शिरलंच. सजावटीच्या बायकांनी एका वर्षी निळ्या कापडाचं मखर केलं आणि त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या. सुंदरच दिसत होतं. काका मूर्ती घेऊन दारात आले आणि थबकले. निळं आणि पिवळं, थेट मिशिगनची जर्सी. “बाप्पाला यात बसवायचं?” ते म्हणाले. बायकांना वाटलं, उंची कमी पडतेय. चर्चा वाढली, आरतीला अर्धा तास उशीर झाला. शेवटी काकांनी गणपतीला जास्वंद प्रिय आहे, म्हणजे लालच, हा धर्मशास्त्राचा दाखला काढला आणि कुठूनतरी कागदी जास्वंदीची परडी पैदा करून पुढे ठेवली. प्रसाद वाटताना त्यांचा चेहरा असा होता, की मूर्तीने त्यांना डोळा मारला असावा.

मला विचाराल तर काकांना फुटबॉल फारसं कळत नाही. बचावाची फळी आणि आक्रमणाची फळी यांत त्यांची अजून गल्लत होते. कोलंबसमध्ये राहिलेले त्यांचे जुने मित्र आता गोल्फ खेळतात, सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशी फोनवर बघतात. ज्याला रोज लाल दिसतं त्याला लालचं काय? धगधगतं ठेवायला काकांना मास्तर लागतात. मास्तरांनाही काका लागतात. काका पंधरा दिवस कराडला गेले की मास्तर कुंपणापाशी उभे राहून वहिनींना विचारतात, “कधी येणार?”

तर अशा या काकांची मुलगी. कोलंबसला जन्मलेली, पाळण्यात लाल दुपटं. तिने दोन्ही विद्यापीठांत अर्ज केले, दोन्हीकडे प्रवेश मिळाला. काकांनी ओहायो स्टेटचं फीचं पत्रक उघडलं आणि त्यांना खुर्ची लागली. तिथे ‘रहिवासी राज्य’ असा एक रकाना असतो. ज्या विद्यापीठासाठी या माणसाने तेरा वर्षं टोलेडोचं पेट्रोल जाळलं, त्या विद्यापीठाने त्यांना ‘मिशिगन’ म्हणून परराज्याची फी लावली. आणि ज्या विद्यापीठाला ‘मॉर्निंग’ म्हणून टाळलं, त्याने आपला माणूस म्हणून निम्म्याहून कमी पैशांत मुलीला घेतलं. दोन रात्री ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. प्रेम एका बाजूला, आणि कराडचा माणूस दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पैसे भरले आणि टोपी धुवायला टाकली.

विद्यापीठाच्या चौकात फरशीत पितळी ‘एम’ बसवलेला आहे. पहिल्या परीक्षेच्या आत जो त्यावर पाय ठेवील तो नापास होतो, असं पोरं मानतात. काका इतकी वर्षं पाहुण्यांना मुद्दाम तिथे नेत आणि बुटाची टाच घासून दाखवत. मुलीला सोडायला गेले त्या दिवशी तिच्याआधी आपण पुढे झाले, तिचं दप्तर खांद्यावर, आणि त्या ‘एम’ला डावीकडून लांबचा वळसा घालून गेले. वहिनींनी नुसतं बघितलं. “परीक्षेचा प्रश्न आहे,” काका म्हणाले.

२०२५च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटने ॲन आर्बरमध्ये येऊन मिशिगनला २७-९ने हरवलं. ओळीने चार हारींनंतर. काकांनी घरात एकट्यानेच ‘ओ-एच’ही म्हटलं आणि ‘आय-ओ’ही. मग फोन वाजला. मुलगी विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून बोलत होती, पिवळ्या टोपीत, नाक ओढत. “बाबा, तुम्ही काही बोलू नका.”

काका बोलले. चार वर्षं घोकून ठेवलेलं बरंच होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. “अगं, पण नऊच गुण? घरच्या मैदानावर? एवढी फी घेतात आपल्याकडून, त्या पैशांत पोरांना धड टॅकल करायला शिकवता येत नाही? थांब, मी उद्या मेल करतो. पालक म्हणून.”