सपाट जागेचे हक्कदार

गॅरेज म्हणजे काय, हे 2016च्या रेरा कायद्यात लिहून ठेवलेलं आहे: छप्पर असलेली, तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन लावण्याची जागा. आमच्या पुण्यातल्या गॅरेजला छप्पर आहे, तीन भिंती आहेत, चौथ्या बाजूला करकरणारं शटर आहे. वाहन नाही. त्याऐवजी मी तिथं सुतारकामाचं टेबल ठेवलं, तेव्हापासून शेजारचे काका ही व्याख्या येता-जाता म्हणून दाखवतात. काका वकील नाहीत, निवृत्त आहेत.

गाडी बाहेर बदामाच्या झाडाखाली असते आणि तिला भरपूर सहानुभूती मिळते. तासभर रंधा मारून मी घामाघूम होऊन बाहेर आले, की लोक हळहळून म्हणतात, “कव्हर तरी घाला हो तिला.”

वर्कशॉपची आखणी टेबलापासून सुरू होते. ताठ उभं राहून हात सैल सोडायचे. मनगट येईल तिथं टेबलाचा माथा. त्याहून उंच झालं तर रंध्यावर जोर येत नाही, खाली गेलं तर कंबर जाते. माझं मनगट जमिनीपासून 32 इंचांवर येतं. स्वयंपाकघरातला ओटाही साधारण तेवढाच असतो, ही गोष्ट कुठल्याच आराखड्यात धोका म्हणून नोंदवलेली नसते. घरातल्या इतरांच्या ती लगेच लक्षात आली.

पण आधी खरेदी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हत्यारं मिळत नाहीत असं होत नाही; फक्त ती मला मिळत नाहीत, नवऱ्याला मिळतात. मी तेरा मिलिमीटर चकचं ड्रिल मशीन मागितलं. दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, “साहेब, वापर कसा आहे?” साहेब पिशव्या धरायला आले होते आणि दुकानातल्या पंख्याकडे पाहत होते. “घरगुती,” ते म्हणाले. बिल त्यांच्या नावावर, वॉरंटी कार्ड त्यांच्या नावावर. पटाशीची धार नखावर लावून पाहिली ती मी. “साहेबांना आवड दिसते” हा शेरा मिळाला त्यांना.

मापांबद्दल माझी तक्रार नाही, केवळ निरीक्षण आहे. प्लायवूडचा ताव 8 बाय 4 फुटांचा, जाडी मात्र मिलिमीटरमध्ये. बिजागरी इंचात. स्क्रूची लांबी मिलिमीटरमध्ये, जाडी नंबरात. आणि सुतारकाका सांगणार सुतात, एका इंचाचे आठ सूत: “ताई, दोन सूत कमी घ्या.” देशाने 1958च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धत लागू करायला सुरुवात केली. प्लायच्या जाडीपर्यंत ती पोहोचली आहे. लांबी-रुंदीचं काम चालू असावं.

विजेचं असं, की गॅरेज बांधणाऱ्याने एका बल्बची कल्पना केली होती. त्यामुळे एकच सहा अँपिअरचा सॉकेट, तोही पाच फुटांवर, “लहान मुलांचा हात पोहोचू नये म्हणून”. 230 व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे 1380 वॉट. माझी गोल करवत 1400 वॉटची आहे. वीस वॉट इकडेतिकडे, असं वायरमनचं मत पडलं. मी भांडून सोळा अँपिअरची स्वतंत्र लाइन घेतली. त्याच लाइनवर वायरमनने मला न विचारता पाण्याचा पंपही जोडून टाकला, कारण लाइन “चांगली जाड” होती. आता नळाला पाणी आलं आणि मी करवत लावली, की एमसीबी पडतो. दोष करवतीचा धरला जातो. पंप घरचा आहे.

आवाजाचाही कायदा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45; दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. दुपारी एक ते चार या वेळेचा नियमांत उल्लेख नाही. आमच्या गल्लीत आहे. काकांनी मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं असून ते माझ्या ग्राइंडरला लावतात. गणपतीत मांडवाच्या स्पीकरसमोर मात्र त्यांच्या मोबाइलची बॅटरी उतरलेली असते.

आता टेबल. ते तयार झालं त्या संध्याकाळी त्यावर गच्चीतून उतरवलेल्या कुरडयांची परात होती. “सपाट आहे म्हणून ठेवली,” सासूबाई म्हणाल्या. पुढे टेबलाखाली पेंढा पसरून हापूसची अढी लागली. आंब्याला ऊब आणि अंधार लागतो, आणि दोन्हींची सोय मीच केली होती. थर्माकोलचं मखर आलं. 2018च्या बंदीनंतर ते वापरता येत नाही आणि चांगलं असल्यामुळे टाकवतही नाही. अशा वस्तूंसाठीच गॅरेज असतं, असं घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे. कुरडईला लाकडाचा भुसा लागला, याबद्दल मला बोलणी बसली. पटाशीला कुरडईचा चीक लागला, त्याबद्दल कोणाला बसली नाहीत.

हत्यारांसाठी मी भिंतीवर फळी लावली आणि प्रत्येक हत्याराभोवती रंगाने त्याची आकृती काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते चटकन कळावं. आता काय जागेवर नाही ते फाटकातूनही दिसतं. ड्रिल पडद्याची दांडी लावायला जातं आणि चकच्या चावीशिवाय परत येतं. चावीविना ड्रिलचा उपयोग नाही, हे नेणाऱ्याला घेऊन जाताना माहीत असतं. मागायला येणारे “साहेब आहेत का?” असं विचारतात आणि साहेब उदार आहेत.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. वर्षभर त्यांना हात न लावलेले साहेब सोवळं नेसून बसतात, सासूबाई मंत्र सांगतात. हळद-कुंकवाचं पाणी गुण्यावर सढळ हाताने शिंपडलं जातं. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, म्हणून ते पुसायचंही नसतं. गंज दसऱ्याला सकाळी मी कानशीने काढते.

शेवटी मी सुतारकाकांच्या सल्ल्याने टेबल मोडून फोल्डिंगचं केलं: माथा भिंतीला बिजागरीवर, पुढे दुमडणारे दोन पाय, काम झालं की उभा मिटवायचा. उभ्या फळीवर परात राहत नाही. ही योजना यशस्वी झाली. टेबल मिटल्यावर पुढे मोकळी फरशी दिसली, तेव्हा धाकट्या दिरांचं बंद पडलेलं ट्रेडमिल “दोन दिवसांसाठी” आलं. ते सपाट आहे. त्यावर सध्या गव्हाचे डबे आहेत. फरशीलाही बिजागऱ्या बसवता येतील का, ते मी सुतारकाकांना विचारलं आहे. आधी साहेबांशी बोलतो, म्हणाले.